जंगलाचा निर्णय कोणाच्या हातात आणि त्याचा हवामानाशी काय संबंध?

2025 मध्ये गडचिरोलीबद्दल दोन बातम्या मागेपुढेच आल्या. एक, लोहखनिजाच्या प्रकल्पासाठी 900 हेक्टरपेक्षा जास्त वनजमीन वळती करायला केंद्राकडून तत्त्वतः मंजुरी, ज्यात लाखाहून जास्त झाडं जाणार. दुसरी, त्याच जिल्ह्यात 1 कोटी झाडं लावायची घोषणा. मग व्हॉट्सअ‍ॅपवर हिशोब सुरू झाले की एक लाख गेली आणि एक कोटी येणार, म्हणजे उलट फायदाच आहे ना, मग हे आदिवासी आणि पर्यावरणवाले ओरडतायत कशाला? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात जागतिक हवामान परिषद भरली आणि तिथे अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या मुंडुरुकू आदिवासींनी परिषदेचं मेन गेटच अडवून धरलं. तेव्हाही हाच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला, की क्लायमेट चेंज म्हणजे कोळसा, पेट्रोल, कारखान्यांचा धूर, त्यात आदिवासींचा काय संबंध?

संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. पण तो "आदिवासी निसर्गाची लेकरं असतात" वगैरे वाक्यांनी समजत नाही. ती वाक्यं ऐकायला गोड लागतात, त्यातून हाताला काही लागत नाही. म्हणून जरा मुळापासून बघू.

झाड नेमकं करतं काय

कोळसा, डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि तो उष्णता धरून ठेवतो, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. झाड याच्या उलटं काम करतं. पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, सूर्यप्रकाशाच्या जोरावर त्यातला कार्बन वेगळा करून खोड, फांद्या, मुळं बनवतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बनच असतो. शिवाय पानं गळून कुजतात, मुळं जमिनीत मरतात, त्यातला बराच कार्बन मातीत मुरतो. जंगलात असा जमा झालेला जो माल असतो त्याला कार्बन साठा म्हणतात. माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला अंदाजे 30 टक्के जमिनीवरची झाडं-झुडपं आणि माती मिळून ओढून घेतात, हे फुकटात चालू आहे आणि म्हणूनच अजून परिस्थिती आहे त्याहून वाईट झालेली नाही.

आता तो एक लाख विरुद्ध एक कोटीचा हिशोब. आजोबांनी ठेवलेली, चाळीस-पन्नास वर्षं वाढत आलेली एफडी मोडली आणि त्याबदल्यात महिना शंभर रुपयांची आरडी सुरू केली, तर "खातं बंद झालं, नवीन उघडलं, बरोबरी झाली" असं कोणी म्हणेल का? जुनं झाड कापलं की त्यातला कार्बन लाकूड जळेल-कुजेल तसा हवेत परत जातो, माती उघडी पडली की तिच्यातलाही जातो, आणि नवीन रोप त्या जागी यायला कित्येक दशकं लागतात, तेही जगलं तर. रोप पावसाळ्यात फोटो काढून लावणं सोपं असतं, पण पुढच्या दोन उन्हाळ्यांत त्याला पाणी कोण घालतं, गुरांपासून कोण राखतं, हे कोणी बघायला येत नाही. आणि भरपाईचं वृक्षारोपण बऱ्याचदा भलत्याच ठिकाणी होतं, म्हणजे जंगल इथलं गेलं आणि रोपं दुसऱ्याच तालुक्यात किंवा जिल्ह्यात, जिथे या जंगलावर जगणाऱ्या गावाचा संबंधच नाही.

बरं, कार्बन समजला. जैवविविधता मध्येच कुठून आली?

जैवविविधता म्हणजे एका ठिकाणी किती प्रकारचे जीव एकमेकांवर अवलंबून राहतात ते, झाडं, किडे, पक्षी, बुरशी, जनावरं सगळं धरून. नुसती झाडांची संख्या मोजली की हे दिसत नाही. पूर्व विदर्भातल्या मिश्र जंगलात ऐन, मोह, तेंदू, बिजा, चार, आवळा, बेहडा, बांबू असं सगळं एकत्र असतं. एका वर्षी पाऊस दगा देतो, एकाला कीड लागते, दुसरं तग धरतं, जंगल म्हणून ते उभं राहतं. एकच जात ओळीने लावली तर कीड आली की सगळ्यांनाच, वाळली की सगळीच.

हे पुस्तकी नाही. वनविकास महामंडळ 1974 मध्ये स्थापन झालं, आणि त्यानंतर विदर्भात कितीतरी ठिकाणी मिश्र जंगल साफ कापून तिथे सागवान लावलं गेलं. कागदावर ते "जंगल"च राहिलं, सॅटेलाइटच्या फोटोतही हिरवंच दिसणार. पण त्यात मोह नाही, तेंदू नाही, चारोळी नाही, डिंक नाही, म्हणजे गावाला त्यातून खायला-विकायला काहीच नाही, आणि गडचिरोलीत अनेक गावांनी या कटाईला विरोध केला तो याच कारणाने. माझं म्हणणं असं की जिथे माणसाचं पोट शंभर प्रकारच्या गोष्टींवर अवलंबून असतं तिथे तो शंभर प्रकारच्या गोष्टी टिकाव्यात म्हणून भांडतो, आणि जिथे जंगल फक्त एका लाकडासाठी बघितलं जातं तिथे शेवटी ते एक लाकूडच उरतं.

मोहाचंच बघा. त्याची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येऊन परागीकरण करतात, आणि पहाटे ती गरगरीत पिवळसर फुलं टपटप खाली पडतात. मार्च-एप्रिलमध्ये बायका-पोरं उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन झाडाखाली असतात कारण उशीर केला तर अस्वल, हरणं, गुरं खाऊन टाकतात. मग ती फुलं अंगणात वाळवायची. वाळली की वर्षभर टिकतात, खायला, विकायला, दारूला, अडीनडीला. त्याच झाडाच्या बियांचं तेल निघतं. आता यात वटवाघूळ काढून टाका, किंवा झाड काढून टाका, काय काय कोसळतं ते तुम्हीच बघा.

हवामान बिघडलं की पहिला फटका कोणाला?

धूर सर्वात कमी ज्यांनी सोडला त्यांनाच. गडचिरोलीतल्या जंगलातल्या गावाचं वर्षाचं रोख उत्पन्न बऱ्याच अंशी दोन सीझनवर उभं असतं, मोह आणि तेंदूपत्ता, आणि दोन्ही नेमके मार्च ते मे या काळात. याच काळात अवकाळी पाऊस, गारपीट, वादळ आलं की मोहाची फुलं ओली होऊन काळी पडतात, सडतात, व्यापारी घेत नाही.

तेंदूचं तर अजून नाजूक आहे. आधी झुडपं छाटतात म्हणजे कोवळी पालवी फुटते, मग एप्रिल-मेमध्ये जेमतेम पंधरा दिवस-तीन आठवडे तोडणी चालते. अख्खं घर भल्या पहाटे जंगलात, दुपारी घरी बसून पानं एकावर एक लावून 70 पानांचा पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर म्हणजे गावातल्या खरेदीच्या जागेवर नेऊन मोजून द्यायचा. मग ते पुडे उन्हात वाळत घालतात. पान विड्या वळायला जाणार म्हणून ते अखंड लागतं, गारेने भोक पडलं की बाद, वाळताना भिजलं की डाग पडून बाद. तीन आठवड्यांच्या सीझनमधले चार दिवस पावसात गेले तर पुढचे किती महिने कसे काढायचे ते त्या घराला विचारा. शेतकऱ्याच्या पिकाचा पंचनामा होतो, विमा असतो (मिळतो की नाही तो वेगळा विषय), पण जंगलात गारेने मोह सडला याचा पंचनामा झालेला तुम्ही कधी ऐकलाय का?

जगात काय चित्र आहे

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने जगात साधारण 47 कोटी 60 लाख आदिवासी लोक आहेत, 90 देशांत, म्हणजे लोकसंख्येच्या 6 टक्क्यांच्या आसपास. 2018 मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात 87 देशांतली माहिती एकत्र करून असं दिसलं की जगाच्या जमिनीपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त जमीन आदिवासी समाज सांभाळतायत किंवा त्यांचे तिथे हक्क आहेत, आणि जगातल्या संरक्षित क्षेत्रांपैकी सुमारे 40 टक्के भाग त्यांच्या जमिनींशी जुळतो. ब्राझीलमध्ये सॅटेलाइटच्या फोटोंवरून तीसेक वर्षांचा हिशोब मांडला गेला तेव्हा आदिवासींच्या मान्य क्षेत्रात मूळ झाडोरा फक्त 1 टक्क्याच्या आसपास कमी झालेला दिसला, खाजगी जमिनींवर तोच 20 टक्क्यांच्या आसपास. हवामानावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रज्ञांची समिती, आयपीसीसी, तिच्या रिपोर्टमध्येही आदिवासींचे जमिनीवरचे हक्क पक्के करणं हा हवामानाच्या उपायांचा भाग म्हणून आलेला आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तुम्ही कुठेतरी वाचलं असेल की "जगातली 80 टक्के जैवविविधता आदिवासींनी राखली आहे." हा आकडा भाषणांत, पोस्टरवर, मोठमोठ्या संस्थांच्या रिपोर्टमध्ये सगळीकडे आहे. पण 2024 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात संशोधकांनी शोध घेऊन लिहिलं की या आकड्याला कुठलाच शास्त्रीय आधार सापडत नाही, आणि हे लिहिणाऱ्यांत आदिवासी संशोधकही होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आदिवासींचं योगदान खरं आहे आणि भरपूर पुराव्याचं आहे, खोट्या आकड्याने उलट त्याची किंमत कमी होते. मला ते शंभर टक्के पटतं. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी 80 टक्क्यांची पोस्ट टाकली तर ती फॉरवर्ड करू नका, वरचा ब्राझीलचा आकडा टाका.

मग आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

इंग्रजांनी 1865 पासून जंगल कायदे करायला सुरुवात केली, 1878, मग 1927, आणि त्या कायद्यांनी जंगलं सरकारी झाली. जे लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते ते एका रात्रीत आपल्याच जंगलात अतिक्रमणवाले ठरले. स्वातंत्र्यानंतरही 1927 चाच कायदा पुढे चालू राहिला. डोक्यावर सरपणाचा भारा असला तरी गार्डला घाबरून लपावं लागायचं, आणि त्याच जंगलातला बांबू मात्र कागद कारखान्यांना लीजवर जायचा, ट्रकच्या ट्रक भरून.

2006 मध्ये वनहक्क कायदा झाला, 2008 च्या सुरुवातीला नियम आले. या कायद्यात वैयक्तिक हक्क आहे, म्हणजे घरटी कसत असलेल्या जमिनीचा पट्टा, आणि दुसरा आहे सामूहिक वनहक्क, आपल्या विषयाला तो महत्त्वाचा. सामूहिक वनहक्क म्हणजे गाव परंपरेने जे जंगल वापरत आलंय त्याचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा अधिकार ग्रामसभेला. बांबू, तेंदू, मोह, मध, डिंक वगैरे, ज्याला गौण वनोपज म्हणतात, त्याची मालकी पण ग्रामसभेची. ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीचे सात-नऊ मेंबर नाहीत हं, गावातली सगळी मोठी माणसं, बायका धरून.

देशात हा हक्क सगळ्यात आधी ज्यांना मिळाला त्यातलं एक गाव गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा, 2009 मध्ये, सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा याच गावाची. गावाचे पुढारी देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत उभे राहिलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल, जे 2025 च्या जानेवारीत गेले, यांची नावं महाराष्ट्रात बऱ्याच जणांना माहीत असतील. गावात अभ्यास गट चालायचे, एकेका प्रश्नावर महिनोन्‌महिने चर्चा, आणि निर्णय बहुमताने नाही तर सगळ्यांच्या संमतीने. म्हणजे एक म्हातारी जरी नाही म्हणाली तरी विषय पुन्हा चर्चेला. वेळ लागतो यात, पण मग ठरलेलं मोडायला कोणी जात नाही कारण ते त्याने स्वतःच ठरवलेलं असतं.

आणि हक्क मिळाला म्हणून लगेच सगळं सुरळीत झालं असंही नाही. बांबू गावाचा झाला, पण गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनविभाग देईना. शेवटी 2011 च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. त्यानंतर बांबूच्या विक्रीतून गावाचं उत्पन्न कोटीच्या घरात गेलं.

आता बांबू कसा तोडायचा हे बघा, कारण हक्काचा आणि जंगलाच्या तब्येतीचा संबंध इथेच उघड दिसतो. बांबूचं बेट असतं, त्यात दरवर्षी पावसाळ्यात नवीन कोंब येतात, आमच्याकडे त्याला वास्ते म्हणतात, भाजी करतात. एक बांबू पक्का व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. म्हणून नीट तोडणी म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे बांबू ठेवायचे, जुने काढायचे, आणि बेटाच्या कडेने कोंब येतात तिथे धक्का लावायचा नाही. ठेकेदाराचं लीज ठराविक वर्षांचं, त्याचा मजूर टनावर पैसे घेणारा, त्याला कोवळं-जून कशाला बघायचंय, सोयीचं ते कापून मोकळा. गावाला मात्र त्याच बेटाशी नातवंडांपर्यंत संबंध आहे.

चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव त्याच्याही पुढे गेलं. त्यांना 2012 मध्ये सामूहिक हक्क मिळाला, आणि ग्रामसभेने ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचाच नाही. का, तर त्यासाठी झाडाच्या फांद्या छाटल्या जातात, चांगली पालवी यावी म्हणून आगी लावल्या जातात, जंगलाचं नुकसान होतं, आणि तेंदूची फळं आपल्याला आणि पाखरांना खायला मिळत नाहीत. हातातला रोख पैसा सोडला त्यांनी, बांबूवर भागवायचं ठरवलं. शिवाय जंगलाचा सुमारे 34 हेक्टरचा चांगला तुकडा देवाच्या नावाने अजिबात हात न लावता राखून ठेवला. सरकारी माणसाने येऊन तेंदू बंद करा असं सांगितलं असतं तर दंगा झाला असता, आणि तो झाला असता तर मी गावाच्या बाजूने असतो. त्यांनी स्वतः ठरवलं म्हणून ते टिकलं.

"पण वनहक्कामुळेच तर जंगलं तुटतायत, अतिक्रमण वाढलंय"

हा आक्षेप नेहमी येतो, मोठमोठ्या पदावरची माणसंही बोलतात, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं. वनहक्क कायदा नवीन जमीन वाटत नाही. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी जमीन कसली जात होती तीच, आणि ती जास्तीत जास्त 4 हेक्टर. त्यानंतर जंगल तोडून शेत केलं असेल तर तो दावा कायद्यात बसतच नाही. म्हणजे पट्टा मिळाला तेव्हा तिथे आधीच शेती होती, कागदावर ती "जंगल" लिहिलेली होती एवढंच.

खोटे दावे झाले नाहीत का? काही ठिकाणी झाले, पुढाऱ्यांनी मतांसाठी करवलेही. पण खरे दावे नाकारले गेले ते पण काही थोडेथोडके नाहीत. देशभरात 25 लाखांच्या आसपास पट्टे मिळाले आणि कितीतरी लाख दावे फेटाळले गेले, बऱ्याचदा कारण न सांगता, पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसांचा जबाब चालतो असं नियमात असूनही कागदच मागून. 13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना बाहेर काढायचा आदेश दिला होता आणि पंधरा दिवसांतच, 28 फेब्रुवारीला, स्वतःच त्याला स्थगिती दिली, कारण दावे नीट तपासलेच गेले नाहीत हे समोर आलं.

आणि आग? मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, ती आग कधीकधी पसरते आणि ऐन उन्हाळ्यात मोठं नुकसान करते. हे खरं आहे, झाकायचं कारण नाही. त्यावर उपायही गावपातळीवरच चाललेत, काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात म्हणजे फुलं जाळीत पडतात, जाळायची गरजच राहत नाही.

"आणि वाघाचं काय? माणूस असला तर वाघ राहणार नाही"

जून 2024 मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवलं, त्यानुसार देशातल्या 54 व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात अजून 591 गावं, 64,801 कुटुंबं होती, आणि त्यांचं पुनर्वसन लवकर उरका असं त्यात म्हटलं होतं. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या गावांनी हे पुनर्वसन भोगलंय, काही गावांतले लोक नवीन जागी जगता येईना म्हणून परत जंगलात गेले, 2019 च्या जानेवारीत तिथे संघर्षही झाला. कायदा असं म्हणतो की आधी हक्क मान्य करा, मग सहअस्तित्व शक्य नाही हे सिद्ध करा, मग ग्रामसभेची संमती घ्या, त्यानंतर हलवा. हा क्रम किती ठिकाणी पाळला जातो हा खरा प्रश्न आहे.

कर्नाटकात बिळिगिरी रंगनाथस्वामी मंदिर व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे सोलिगा आदिवासी राहतात. व्याघ्र प्रकल्पाच्या आत सामूहिक वनहक्क मिळालेले ते देशातले पहिले, 2011 मध्ये. गावं उठली नाहीत, आणि 2010 ते 2014 या काळात तिथल्या वाघांचा आकडा 35 वरून 68 वर गेला. याचा अर्थ सोलिगांमुळे वाघ वाढले असा लगेच काढू नये, वाघ वाढायला बरीच कारणं असतात, पण माणसं राहिली तर वाघ संपतात हे तरी त्यातून खोटं ठरतं.

याच जंगलातली घाणेरीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घाणेरी म्हणजे ती रंगीबेरंगी फुलांची काटेरी झुडपं, कुठे टणटणी म्हणतात, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, आता भारतातल्या जंगलांना तिने विळखा घातलाय. सोलिगा लोक पूर्वी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच, गवत पुरतं वाळायच्या आत, जमिनीलगत हलकी आग फिरवायचे. 1974 ला अभयारण्य झालं, आग लावायला बंदी आली. मग घाणेरी वाढत गेली, हळूहळू गवत आणि छोटी रोपं तिच्याखाली दबली, आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ माजलं. सोलिगा वर्षानुवर्षं सांगत होते की हे आग बंद झाल्यामुळे होतंय, कोणी ऐकलं नाही, नंतर संशोधकांनी मोजमाप घेतलं तेव्हा घाणेरी खरंच झपाट्याने पसरलेली दिसली आणि सोलिगांच्या म्हणण्याला गंभीरपणे घेतलं गेलं. आणि घाणेरीचा असा वाळलेला ढीग साचला की जी आग लागते ती हलकी नसते, सगळं जाळून नेते.

"मग काय, विकास नकोच का?"

लोखंड लागतं, मान्य. गडचिरोलीत लोहखनिज निघतं त्या सुरजागडच्या भागात रोजगार हवाय हेही खरं, तिथल्याच पोरांना हवाय. पण विचारायचं कोणाला आणि कधी, हा मुद्दा आहे. सुरजागडचा डोंगर तिथल्या माडिया आदिवासींसाठी ठाकूरदेवाची जागा आहे, दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. ओडिशातल्या नियमगिरीत असाच प्रश्न होता, बॉक्साइटची खाण आणि डोंगरिया कोंध लोकांचा देवडोंगर. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ग्रामसभांना विचारा. 12 ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारांनी नाही म्हटलं, खाण झाली नाही. विचारलं तर लोक नाहीच म्हणतात असं नसतं, काही ठिकाणी अटी घालून हो पण म्हणतील, पण विचारण्याआधी मंजुरी देऊन टाकायची आणि मग जनसुनावणी पोलीस बंदोबस्तात उरकायची, याला विचारणं म्हणत नाहीत.

आता पुढे येतंय ते कार्बन क्रेडिट

हे नवीन आहे आणि जंगलातल्या गावांपर्यंत पोचायला लागलंय म्हणून शेवटी तेवढं सांगतो. कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवल्याचं किंवा शोषल्याचं सर्टिफिकेट. एखादी कंपनी धूर सोडते, तो कमी करण्याऐवजी दुसऱ्याने राखलेल्या जंगलाची क्रेडिट विकत घेते आणि आपल्या हिशोबात वजा दाखवते. यातून जंगल राखणाऱ्याला पैसा मिळाला तर वाईट काय, असं वाटेल, आणि नीट केलं तर खरंच काही वाईट नाही. बेलेमच्या परिषदेत उष्ण प्रदेशातल्या जंगलांसाठी जो नवीन फंड जाहीर झाला त्याचा क्रेडिटशी संबंध नाही, तिथे उभं जंगल राखल्याबद्दल देशांना पैसे मिळायचे आहेत, पण त्यातले किमान 20 टक्के आदिवासी आणि स्थानिक समाजांकडे जायला हवेत असं तरी ठरलंय.

अडचण करारात आहे. हे करार वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांचे असतात, भाषा इंग्रजी, आणि त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असू शकतं की या काळात चराई बंद, सरपण बंद, बांबू तोडायचा तर परवानगी. म्हणजे जो हक्क मिळवायला 2006 उजाडावं लागलं तो एका सहीत चाळीस वर्षांसाठी गहाण. म्हणून तुमच्या गावात किंवा ओळखीच्या गावात असा कोणी प्रस्ताव घेऊन आला तर सरपंचाची सही पुरेशी नाही, सामूहिक हक्काच्या जंगलाचा निर्णय ग्रामसभेचा आहे. आधी करार मराठीत आणि जमलं तर गोंडी-माडियात पूर्ण वाचून घ्या. क्रेडिट किती रुपयाला विकणार, त्यातले गावाला किती, मध्यस्थाला किती, हे आकड्यात लिहून मागा. मोह, तेंदू, बांबू, सरपण, चराई यातलं काय काय बंद होणार ते एकेक नाव घेऊन विचारा, आणि मध्येच बाहेर पडायचं झालं तर काय, याचंही कलम बघा. घाई करणाऱ्याला सांगा, पुढच्या ग्रामसभेला या.